कारण मात्र गुलदस्त्यात

समाजमाध्यमांच्या संदर्भात पालघरचं नाव दोनदा देशभर गाजलं. पहिल्यांदा नोव्हेंबर २०१२ मध्ये. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं की हा बंद लोक आदरापेक्षा भीतीपोटी पाळताहेत. तिच्या मैत्रिणीनं पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली आणि लिहिणारीच्या काकांचा हाडांचा दवाखाना जमावानं फोडला. दुसऱ्यांदा एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथं रात्री गाडी अडवून जमावानं दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्या पट्ट्यात आधीपासून फिरत होत्या.

२०१२ साली पालघर ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. एकाच भागातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या प्रकरणात कुणाच्या केसालाही धक्का न लावणाऱ्या दोन ओळींसाठी यंत्रणा चोवीस तासांच्या आत हलली. दुसऱ्यात पोलिस जागेवर पोचले होते, तरी तीन जीव गेले. समाजमाध्यमांवर सरकारनं हात घालावा की नाही, हा वाद म्हणूनच मला फारसा कामाचा वाटत नाही. कधी ना कधी घालावा लागतोच. कुणी, कोणत्या अधिकारात आणि कुणाला कारण सांगून घालायचा, इथे घोडं पेंड खातं. गेल्या दीड दशकाचा आपला हिशेब याच जागी चुकत गेला आहे.

आधी घटना काय म्हणते ते पाहू. कलम १९ (१) (अ) नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि १९ (२) ते कुठे आवळता येईल हे मोजून सांगतं : देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. नुसतं खोटं असणं हे तिच्यात कारण म्हणून नाही, सरकारची अडचण होणं तर नाहीच. ‘फेक न्यूज’ थांबवण्यासाठी होणारा प्रत्येक कायदा त्यामुळे कोर्टात अडखळतो. खोट्यामुळे दंगल होणार असेल, कुणाची बदनामी होत असेल, तरच ते यादीत बसतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ हे या यादीला बगल देऊन आलं होतं. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिनाभरात, संसदेनं ती दुरुस्ती फारशा चर्चेविना मंजूर केली. संगणकावरून किंवा फोनवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर, किंवा त्रास अथवा गैरसोय व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय! एसटी उशिरा आली तरी होते ती. असा शब्द फौजदारी कायद्यात आला की काय होणार, हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या प्राध्यापकांना ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ई-मेलनं पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली, तीही राजद्रोहाच्या कलमासह. नोव्हेंबरात पालघर. गोव्यात २०१४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत नरेंद्र मोदींविरुद्ध फेसबुकवर लिहिणाऱ्या एका अभियंत्यावर गुन्हा दाखल झाला. बंगालमध्ये तृणमूल, महाराष्ट्रात काँग्रेस आघाडी, गोव्यात भाजप. पक्ष कोणताही असो, कलम सगळ्यांना हाताशी लागलं.

पालघरच्या बातमीनं अस्वस्थ झालेली कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६ अ पूर्णपणे रद्द केलं. त्या निकालातली फोड आजही कामाला येते : एखाद्या मताची चर्चा करणं वेगळं, त्याचा आग्रही प्रचार करणं वेगळं आणि त्यासाठी चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टींना, त्या कितीही कडवट असल्या तरी, घटनेचं संरक्षण आहे. सरकारला हात घालता येतो तो तिसऱ्या ठिकाणी.

पुढे जे झालं ते आपल्या कारभाराचा अस्सल नमुना आहे. कलम मेलं, गुन्हे दाखल होत राहिले. पीयूसीएल या संघटनेनं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी ठेवली, तीत निकालानंतरही या रद्द कलमाखाली हजाराहून जास्त गुन्हे नोंदवले गेल्याचं दिसत होतं. त्यांतले सर्वाधिक, ३८१, महाराष्ट्रातले. केंद्राच्या महान्यायवादींनी कोर्टात सांगितलेलं कारण असं : छापील कायद्यात कलम तसंच आहे, ते रद्द झाल्याचं खाली तळटीपेत लिहिलंय आणि पोलिस तळटीप वाचत नाहीत. न्यायमूर्ती थक्क झाले. या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा बजावावं लागलं.

बरं, तळटीप वाचली तरी काय? बाकीची कलमं आहेतच. मे २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या राज्यात शरद पवारांबद्दलची एक कविता फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली. कविता दुसऱ्याच कुणाची होती आणि वाईट होती. पण वाईट कवितेसाठी वीसेक गुन्हे आणि महिन्याहून जास्त कोठडी? त्याच सुमारास पवारांवरच्याच एका ट्वीटपायी औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी तुरुंगात जाऊन बसला. अशानं ज्यांच्या नावानं हे चाललंय त्यांचीच प्रतिष्ठा कमी होते, असं उच्च न्यायालयाला सुनवावं लागलं. मे २०२५ मध्ये, महायुतीच्या राज्यात, ऑपरेशन सिंदूरवरची एक पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे पाठवली म्हणून पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला अटक झाली. तिनं पोस्ट काही तासांत काढली होती, माफीही मागितली होती. कॉलेजनं तिचं म्हणणं न ऐकताच नाव कमी केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठानं २७ मे रोजी सरकार आणि कॉलेज दोघांनाही खडे बोल सुनावत तिची सुटका केली आणि परीक्षेला बसू देण्याची सोय केली.

अटक निदान दिसते. वर्तमानपत्रात येते, वकील मिळतो, जामीन होतो. दुसरी वाट न दिसणारी आहे आणि माझ्या मते जास्त काळजीची. ती म्हणजे त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ. या कलमाखाली केंद्र सरकार कोणतीही वेबसाइट, खातं किंवा पोस्ट भारतापुरती बंद करायला सांगू शकतं. श्रेया सिंघल निकालानं हे कलम शाबूत ठेवलं, कारण त्याला १९ (२) च्या चौकटीतलीच कारणं लागतात, आदेश लेखी हवा आणि २००९ च्या नियमांत सुनावणीची तरतूद आहे. कागदावर सगळं ठीक आहे. व्यवहारात ठरवणारी समिती अधिकाऱ्यांची, तिच्यावर नजर ठेवणारी समितीही अधिकाऱ्यांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. शिवाय नियम १६ म्हणतो की तक्रार आणि तिच्यावरची कारवाई कडक गोपनीय ठेवायची. परिणामी ज्याचं लेखन गेलं त्यालाही कारण कळत नाही. ‘कायदेशीर मागणीवरून भारतात रोखलं आहे’ एवढी पाटी पडद्यावर दिसते आणि विषय संपतो.

एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. तनुल ठाकूर या पत्रकारानं हुंड्याची टर उडवणारी एक वेबसाइट काढली होती. नवरदेवाचं वय, शिक्षण, नोकरी वगैरे भरायचं आणि त्याचा ‘भाव’ किती ते पाहायचं. शेरा हुंडा घेणाऱ्यांवर होता, हे शेंबडं पोरही ओळखेल. २०१८ मध्ये ती बंद झाली. का, कुणाच्या तक्रारीवरून, काहीच कळलं नाही. विचारलं तर गोपनीयतेच्या नियमाकडे बोट. दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन, चार वर्षांनी, मे २०२२ मध्ये आदेश झाला की बंदीच्या हुकुमाची प्रत त्याला द्या आणि त्याचं म्हणणं ऐका. वेबसाइट पुन्हा चालू करा, असा हा आदेश नव्हता. आपल्यावर झालेल्या कारवाईचा कागद पाहायला मिळावा, एवढ्यासाठी चार वर्षं. तलाठी कार्यालयातून फेरफाराची नक्कल काढतानाही माणूस इतका दमत नाही.

अशा बंदीच्या आदेशांचे आकडे सरकारनंच संसदेत दिलेत. २०१४ मध्ये ४७१, २०१८ मध्ये २,७९९, २०२० मध्ये ९,८४९. त्यांत दहशतवाद्यांची प्रचारखाती किती, फसवणुकीचे दुवे किती आणि शेतकरी आंदोलनाच्या बातम्या देणारे किती? यादीच बाहेर येत नाही, तेव्हा सांगणार कसं? फेब्रुवारी २०२१ मध्ये अडीचशेच्या आसपास ट्विटर खाती रोखली गेली, त्यात ‘कॅरव्हान’ मासिक आणि किसान एकता मोर्चा यांचीही खाती होती, तेव्हा ती मोठी बातमी झाली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष सुरू असताना आपल्याला आठ हजारांहून जास्त खाती रोखण्याचे हुकूम मिळाल्याचं ‘एक्स’नं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरनं, सांगितलं, आणि बऱ्याच हुकुमांत नेमकी कोणती पोस्ट बेकायदा ते लिहिलेलंच नव्हतं, असंही सांगितलं. युद्धकाळात सरकारला जास्त मोकळीक लागते, हे मान्य. पण त्याच दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या आरोळ्या आपल्या वृत्तवाहिन्यांवरून चालल्या होत्या, हेही त्याबरोबर लक्षात ठेवलेलं बरं.

२०२१ पासून या जुन्या वाटेच्या शेजारी एक आडवाट रुंद होत गेली आहे. कलम ७९ मुळात कंपन्यांना संरक्षण देतं : लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल फेसबुक किंवा यूट्यूबला जबाबदार धरायचं नाही. अट एवढीच की न्यायालयानं किंवा सरकारनं कळवल्यावर बेकायदा मजकूर काढायचा. या अटीलाच हुकमाचं रूप आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं ‘सहयोग’ नावाचं पोर्टल सुरू केलं. केंद्राच्या आणि राज्यांच्या यंत्रणांनी त्यावरून कंपन्यांना मजकूर काढायला कळवायचं. ६९ अ मधली समिती नाही, सुनावणी नाही. कंपनीनं ऐकलं नाही तर तिचं संरक्षण जाणार, म्हणजे ती ऐकणारच. ‘एक्स’नं याला आव्हान दिलं, पण २४ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयात ती हरली. त्याआधी जून २०२३ मध्ये ६९ अ च्या हुकुमांविरुद्ध ती त्याच न्यायालयात हरली होती, वर पन्नास लाखांचा दंड. परदेशी कंपनीला कलम १९ मागता येत नाही, हे न्यायालयाचं म्हणणं कायद्यानं बरोबरच आहे. पण कलम १९ ज्याला मागता येतं तो नागरिक या खटल्यात पक्षकारच नव्हता. त्याच्या पोस्टवर दोन बलाढ्य पक्ष भांडत होते आणि तो बाहेर उभा.

या निकालानंतर महिन्याभरात केंद्रानं नियम थोडे आवळले, हे नोंदवायला हवं. १५ नोव्हेंबर २०२५ पासून असा हुकूम सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं, पोलिसांच्या बाबतीत निदान उपमहानिरीक्षकानं द्यायचा, कायद्याचा आधार आणि कारण लिहायचं, आणि सचिवपातळीवर दरमहा आढावा घ्यायचा. कुणीही उठावं आणि कळवावं हा प्रकार त्यामुळे कमी होईल. पण कारण लिहायचं ते कंपनीला. लेखकाला सांगण्याचं कलम याही वेळी राहूनच गेलं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की कंपन्या बिचाऱ्या आहेत. तसं अजिबात नाही. कोणतं भाषण हजार जणांना दिसावं आणि कोणतं दहा लाखांना, हे त्यांचं गणित ठरवतं आणि ते गणित राग आणणाऱ्या मजकुराला झुकतं माप देतं. २०२० मध्ये फेसबुकच्या भारतातल्या धोरणप्रमुखांनी केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाच्या एका आमदाराच्या द्वेषमूलक पोस्टवर कारवाई अडवल्याची बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं दिली, काही आठवड्यांनी त्या पायउतार झाल्या. पुढच्याच वर्षी फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हौगेन यांनी बाहेर काढलेल्या कागदांतून कळलं की हिंदी आणि बंगालीतला विखार ओळखणारी यंत्रणाच कंपनीकडे धड नव्हती. हिंदीची ही गत, तर मराठीची काय असेल! सरकारी निर्बंध नकोत म्हणणाऱ्यांना या खासगी सरंजामशाहीचं उत्तर द्यावं लागेल. ‘बाजार बघून घेईल’ हे ते उत्तर नाही.

आता सरकारच्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुख्यतः मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून अनेक दिवस फिरत होत्या. बाजारातल्या जमावाला तेवढं पुरलं. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेपर्यंत मारलं, आणि त्या मारहाणीचे व्हिडिओही त्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरले. भटक्या माणसाकडे आपण तसेही संशयानंच बघतो. फोननं तो जुना संशय सगळ्या तालुक्यात तासाभरात पोचवला.

हे रोखायला कोणता निर्बंध उपयोगी पडला असता? ६९ अ नाही, कारण बंद करायला वेबसाइटच नव्हती. अटकेची धमकी नाही, कारण पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण लोकांना सावध करतोय असं वाटत होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी सरकारनं मागितलेला उपाय म्हणजे संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला त्याचा माग. त्यासाठी प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल, म्हणजे कूटबद्ध संभाषणाचा अर्थच संपेल. तसं करायला लावलं तर आम्हाला इथून जावं लागेल, असं व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. आणि माग काढून हाती काय लागणार? त्या काळात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेल्या फितीतून कापलेला होता. मूळ शोधत गेलात तर एका सद्हेतूच्या जाहिरातीपाशी पोचाल.

उपयोगी पडलं ते वेगळंच. राईनपाड्यानंतर, सरकारच्या नोटिसा गेल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. त्यानंतर असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच सांगितलं. कुणाचं तोंड बंद झालं नाही, कुणाचं खातं गेलं नाही. पसरण्याचा वेग उतरला. सरकारनं कंपनीच्या मानगुटीवर बसायचंच असेल तर ते इथे बसावं. तो दबाव सर्वांना दिसतो, सर्वांना सारखा लागू होतो, आणि अमक्याचं बोलणं तमक्याला खुपलं हा प्रश्न त्यात येत नाही. अर्थात मर्यादा घातल्यावरही गडचिंचले घडलंच. अफवा तोंडी फिरते, तिला फोन लागतोच असं नाही, आणि गावातल्या पोलिसपाटलाचं काम कोणतंही अ‍ॅप करणार नाही.

आणखी एका जागी मला सरकारची बाजू बिनशर्त पटते. बाईचे खासगी किंवा बनावट नग्न फोटो टाकले गेले, तर २०२१ च्या नियमांनुसार तक्रारीनंतर चोवीस तासांत ते काढावे लागत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना यांचा बनावट व्हिडिओ फिरल्यावर ‘डीपफेक’ हा शब्द घराघरात गेला, पण त्यांच्यासारखी ओळख नसलेल्या कॉलेजातल्या मुलींची अवस्था काय होते ते पोलिसांच्या सायबर विभागात विचारावं. इथे मत, टीका, विनोद यांतलं काहीच पणाला लागलेलं नसतं. तक्रार करणारी व्यक्ती समोर असते आणि कारण उघड असतं. मला खटकणारं गुपित इथे नाहीच.

उलट टोकाला उभी होती ती ‘फॅक्ट चेक युनिट’ची कल्पना. २०२१ च्या नियमांतल्या एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीनं केंद्र सरकारनं स्वतःच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे स्वतःच ठरवायचं ठरवलं. आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला, तिसऱ्या न्यायाधीशांकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबरमध्ये न्या. अतुल चांदूरकर यांनी ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. याच न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रकार निखिल वागळे आणि ‘लीफलेट’ हे संकेतस्थळ यांच्या याचिकांवर डिजिटल माध्यमांसाठीच्या आचारसंहितेला स्थगिती दिली होती. पुण्यातल्या विद्यार्थिनीचं प्रकरण त्याला जोडा. मराठी माणसानं अभिमान बाळगावा असं बरंच काही या न्यायालयात घडलं आहे. मार्च २०२५ मध्ये कामराच्याच व्हिडिओवरून खारमधला स्टुडिओ फोडला गेला, हेही आपल्याच शहरात. दवाखाना काय, स्टुडिओ काय, फोडणाऱ्यांना कुणी नोटीस देत नाही.

इंटरनेट पूर्ण बंद करणं हा सगळ्यात ढोबळ उपाय, आणि दुर्दैवानं सगळ्यात सोपाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला गेलेलं फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परतलं. मधल्या काळात, १० जानेवारी २०२० ला, अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध करावे लागतील. हे दुसरं वाक्य सगळीकडे सोयीस्कर विसरलं जातं. अ‍ॅक्सेस नाऊ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये भारतात ८४ वेळा इंटरनेट बंद झालं. लोकशाही देशांत हा उच्चांक होता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या स्टेटसवरून दगडफेक झाली तेव्हा, आणि मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड-जालन्याकडेही, हाच मार्ग वापरला गेला. भडका उडाला असताना काही तास इंटरनेट बंद ठेवणं समजू शकतं. पण आता भाजीवालीचा क्यूआर कोडही त्याच तारेवर चालतो. दगड मारणाऱ्याचं इंटरनेट बंद करताना तिचीही दिवसाची कमाई बंद होते.

शेजारच्या नेपाळनं याचं टोक दाखवलं. नोंदणी केली नाही म्हणून सरकारनं ४ सप्टेंबर २०२५ ला फेसबुक, यूट्यूबसह २६ माध्यमं बंद केली. भ्रष्टाचारावरचा राग आधीच साचला होता. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, त्या एका दिवशी १९ जण गेले. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. बंदी हे एकमेव कारण नव्हतं, पण काडी तिनं टाकली. ऑस्ट्रेलियानं वेगळा रस्ता धरला : १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना खातीच नकोत, आणि न पाळणाऱ्या कंपनीला जबर दंड. गोव्यातही असं काही करता येईल का याचा विचार सुरू असल्याचं तिथले माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी सांगितलं. मुलांबद्दलची काळजी खरी आहे, पण आपल्याकडे घरातला एकुलता फोन बापाच्या नावावर असतो आणि रील पोरगं बघतं. वय तपासायचं तर सगळ्यांचीच ओळख तपासावी लागेल. मग वरिष्ठांच्या भीतीनं नाव बदलून तक्रार लिहिणारी अंगणवाडी सेविका कुठे जाईल? आधीच जुलै २०२५ च्या परिपत्रकानं महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांना शासनाच्या धोरणांवर समाजमाध्यमांतून टीका करायला मनाई आहे.

या सगळ्यात मला घेण्यासारखी वाटते ती युरोपातली एक साधी अट. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानं कंपनीवर बंधन घातलंय की पोस्ट काढली किंवा दाबली तर ज्याची आहे त्याला कारण लिहून कळवायचं, आणि ती कारणं सार्वजनिक भांडारात जमा करायची. युरोपचे निर्बंध सौम्य आहेत असं नाही. पण भांडता येईल असा कागद हातात पडतो. आपल्याकडे नियम १६ च्या गोपनीयतेला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं केंद्राला नोटीस काढली. अणुभट्टीचा नकाशा किंवा चालू तपासाचा तपशील झाकायला कुणाची हरकत नसावी. पण हुंड्यावरच्या विनोदाची बंदी राष्ट्रीय गुपित का असावी, याचं उत्तर सरकारला तिथे द्यावं लागेल.

तोवर घड्याळ मात्र वेगानं फिरतंय. सरकारी किंवा न्यायालयीन हुकुमानंतर मजकूर काढायला २०२१ च्या नियमांत छत्तीस तास होते. २० फेब्रुवारी २०२६ पासून ते तीन तासांवर आले. मराठीतला उपरोध, ग्रामीण शिवी आणि खरोखरची धमकी यांतला फरक तीन तासांत कोण ओळखणार? हैदराबादेत किंवा मनिलात बसलेला, मराठी न येणारा कंत्राटी कामगार? तो आधी काढेल. ज्याची पोस्ट गेली त्याच्यासाठी २०२३ पासून तक्रार अपील समित्या आहेत, पण त्यांचे सदस्य केंद्र सरकार नेमतं आणि अपील होतं ते कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर. हुकूम सरकारचा असेल तर त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथे याचिकेला जोडायला आदेशाची प्रत लागते.